सावकाश

एकतीस वर्षं उभ्यानं नोकरी केली मी,
निपाणी–चिकोडी, निपाणी–संकेश्वर,
कधी हद्द ओलांडून गडहिंग्लज.
पण उभं कसं राहायचं
ते रिटायर झाल्यावर कळलं.

आधी हाताला दांडी लागायची.
घरच्या जिन्यात, देवळात, मयतीला गेलो तरी
उजवा हात वर जाऊन काहीतरी शोधायचा
आणि डावा गुडघा आपोआप सैल,
पुढच्या वळणाच्या तयारीत.
रात्री पाठ टेकली की पलंग निघायचा,
तवंदी घाटात गिअर बदलायचा,
मी झोपेत चिल्लर मोजायचो,
हिशेबाला नेहमी काहीतरी कमी.

डॉक्टर म्हणाले, कंबर गेली.
बायको म्हणाली, डोकं.
नीलगंगव्वा टीचर तेवढ्या काही म्हणाल्या नाहीत.
संकेश्वरला त्यांच्या परसात, पेरूखाली
चटई अंथरली. "निंतकोळ्रि."
राहिलो उभा.
हात वर निघाला, तो त्यांनी दोन बोटांनी
हळूच खाली आणून ठेवला.
"गाडी निंतैति, कंडक्टर."
गाडी थांबलीय.

एवढंच.
आणि माझ्या डोळ्यांना धार लागली,
का, ते अजून विचारू नका.

त्या मोजायच्या ओंदु, एरडु, मूरु,
मी मनात एक, दोन, तीन,
श्वास दोघांच्या मध्येच कुठंतरी भरायचा.
पाटीवरच्या अक्षरांपायी दगड खाल्लेली गाडी
मी डेपोत आणलीय,
सीटखालच्या काचा हातांनी वेचल्यात.
तेव्हाही छाती अशीच भरायची, पण रिकामी व्हायची नाही.

आता निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत
साडेपाचला अकरा बायका येतात.
सुपं भिंतीला उभी करतात, पदर खोचतात.
हवा अजून तिखट आहे तिथली,
पहिल्या दीर्घ श्वासाला चौघी खोकतात,
मग खोकल्यावर हसतात, मग पुन्हा खोकतात.
मी टीचरांचंच वाक्य म्हणतो,
"उसिरु बिडरि." श्वास सोडा.
रोशनबी लगेच,
"बिडी? ती तर सकाळपास्नं वळालोय की आम्ही!"
गेला पाच मिनिटांचा वर्ग.

गुरुजी म्हणतात मला, मी नाही.
श्लोक येत नाहीत. पुढं वाकलो
की पोट आधी पोचतं.
येतं एवढंच,
की सगळ्या चढल्याशिवाय बेल द्यायची नाही.
कुणाचा श्वास मागं राहिलाय,
कोण धावत येतंय अजून,
मागच्या काचेतून पाहावं तसं पाहतो
आणि म्हणतो, सावकाश.
हा शब्द मी कुठल्या भाषेत म्हणतो
मला सांगता येणार नाही.
कल्लव्वाला तो तिचा वाटतो, सुभद्राला तिचा.

आक्काताईचं वय कुणाला माहीत नाही,
तिलाही नाही. कणा सुपावर वाकून वाकून
सुपासारखाच झालाय.
सरळ हो म्हणत नाही मी तिला,
भिंतीला टेकून बस म्हणतो, तेवढी उंची पुरे.
शवासनात तिच्या डोक्याखाली
माझी जुनी खाकी घडी करून देतो.
सगळ्या निवतात, हिची बोटं चालूच,
पान मुडपतात, चिमूट भरतात,
दोरा गुंडाळतात, टोक खोचतात,
नसलेली बिडी नसलेल्या जुडीत टाकतात.
आठ महिने बघतोय. बोललो नाही.
माझा हातही किती दिवस दांडी शोधत होता.

काल,
बाहेर कुणाची तरी एम-एटी फुरफुरत गेली,
पत्र्यावरून उन्हाची शेवटची पट्टी सरकली,
आणि आक्काताईचा अंगठा
तर्जनीवर आला, थांबला,
आणि उघडला.
तळवा वर. त्यात काही नाही.

वर्ग संपायची वेळ होऊन गेली होती.
बायकांना चूल होती, नळाला पाणी येणार होतं,
दहाजणी उठून बसल्या, माझ्याकडं बघू लागल्या.
मी बेल दिली नाही.